घरातील मेश वायफाय आणि न जुळणारी उपकरणे

मेश वायफायमध्ये घरभर एकच नाव दिसते, पण त्या नावामागे दोन, तीन किंवा अधिक डबे असतात. त्यांतला एक बाहेरून आलेल्या फायबरच्या यंत्राला तारेने जोडलेला असतो. तो मुख्य नोड. बाकीचे नोड त्याच्याशी बिनतारी दुव्याने किंवा केबलने बोलतात आणि आपापल्या खोलीत तेच नाव, तोच पासवर्ड चालवतात. फोन, लॅपटॉप, टीव्ही, बल्ब, कॅमेरा या सगळ्यांना हे एकच जाळे वाटते. वापरणाऱ्याची सोय यातच आहे आणि बिघाड शोधणाऱ्याची पंचाईतही यातच आहे. साध्या राउटरवर फोन आणि फायबर यांच्यामध्ये एकच बिनतारी टप्पा असतो. मेशवर दोन किंवा तीन असू शकतात, आणि फोनच्या पडद्यावरच्या रेषा त्यांपैकी फक्त पहिल्या टप्प्याची हकिकत सांगतात. वरच्या मजल्यावर नोडच्या शेजारी बसलेल्या माणसाला रेंज पूर्ण दिसते. तो नोड खालच्या मुख्य नोडला कसाबसा धरून आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

घरात तक्रार होते ती एकाच वाक्यात: नेट चालत नाही. या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. उपकरणाला जाळ्याचे नाव दिसलेच नसेल. दिसले पण पासवर्डाच्या टप्प्यावर अडले असेल. आत शिरले पण पत्ता मिळाला नसेल. पत्ता मिळाला पण बाहेर जायची वाट बंद असेल. किंवा वाट मोकळी असून संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता सापडत नसेल. या पाचांचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत. म्हणून सगळे डबे बंद करून पुन्हा चालू करण्याआधी गाडी नेमकी कुठे अडली आहे ते पाहणे, हाच या विषयाचा गाभा. डबे बंद-चालू केल्याने पुष्कळदा काम होते, हे खरे. पण काय बिघडले होते याची खूणही त्याबरोबर पुसली जाते आणि तोच बिघाड आठवड्याने परत येतो.

मेशची कल्पना मुळात घरासाठी निघाली नव्हती. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीच्या रूफनेट प्रकल्पाने केंब्रिज गावातल्या गच्च्यांवर बिनतारी यंत्रे बसवून त्यांना एकमेकांमार्फत इंटरनेट पोहोचवले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्याच वर्षी धरमशालेच्या डोंगरात मेश जाळे उभे राहिले. मुंबईच्या आयआयटीने ग्राम मार्ग प्रकल्पात पालघर जिल्ह्यातली गावे टीव्हीच्या मोकळ्या लहरींवर आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या दुव्यांवर जोडली, तेव्हा कस लागला तो मधल्या टप्प्याचा: फायबर जिथे संपते तिथपासून गावापर्यंतचा. घरातल्या दोन नोडांमधला दुवा म्हणजे त्याच प्रश्नाचे घरगुती रूप. मेशसाठीचे ८०२.११एस हे मानक २०११ मध्ये आले, तरी बाजारातले घरगुती संच २०१६ च्या आसपास दिसू लागले आणि त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःचीच पद्धत वापरली. वेगवेगळ्या कंपन्यांचे नोड एकत्र चालावेत म्हणून वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश आणले. तरी आजही एका कंपनीचा नोड दुसऱ्या कंपनीच्या संचात बसेल असे गृहीत धरून तो विकत घेणे शहाणपणाचे नाही. ‘नवा नोड जुळतच नाही’ या तक्रारीत हे कारण पुष्कळदा निघते.

दोष आधी कुठे शोधायचा हे मात्र गावागणिक बदलते. छत्तीसगडच्या नव्या रायपुरात हा विषय थोडा वेगळ्या अंगाने येतो. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले, जुन्या रायपूरच्या आग्नेयेला नवी राजधानी आखली गेली, २०१२ मध्ये मंत्रालय तिथल्या महानदी भवनात गेले आणि २०१८ मध्ये शहराच्या नावाला अटल नगर जोडले गेले. रस्ते रुंद, सेक्टर मोकळे, वस्ती अजून विरळ. जुन्या रायपुरात तात्यापारा किंवा बुढापारा यांसारख्या दाट वस्तीत, किंवा महाराष्ट्र मंडळ ज्या भागात आहे त्या चौबे कॉलनीत, फोनवर वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे डझनांनी दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. त्यामुळे तिथे पहिला संशय शेजाऱ्यांच्या गर्दीवर घेणे रास्त असते. नव्या रायपूरच्या सेक्टर २७ किंवा २९ मधल्या घरात तीच यादी आखूड असते. इथे दोष बहुधा घराच्या आतच सापडतो: भिंतीत, नोडच्या जागेत, मांडणीत. जुन्या शहरातून नव्यात राहायला गेलेली कुटुंबे मात्र जुन्याच सवयीने चॅनल बदलत बसतात.

भिंतींचा हिशेब आधी करावा. बिनतारी संकेताची घट डेसिबलमध्ये मोजतात; ३ डेसिबल घटले की शक्ती निम्मी, १० घटले की एक दशांश. साधी विटेची भिंत काही डेसिबल खाते, लोखंडी सळ्यांचा काँक्रीट स्लॅब त्याच्या कितीतरी पट. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा संकेत २.४ पेक्षा लवकर मरतो. याचा अर्थ असा की दुमजली घरात वरचा नोड मुख्य नोडच्या बरोबर डोक्यावर ठेवला तर संकेताला स्लॅब उभा पार करावा लागतो, आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवला तर तो जिन्याच्या पोकळीतून वर येतो. चार पावलांचा फरक, पण त्याने दुवा टिकतो. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी हे सगळे संकेताचे शत्रू. नोड कपाटावर ठेवण्याची पद्धत घरोघरी दिसते, कारण तिथे तो नजरेआड राहतो. पण कपाटाच्या पत्र्यामुळे त्याच्या खालच्या आणि मागच्या बाजूला सावली पडते, आणि पलंग नेमका त्या सावलीत असतो.

रायपूर भागात याला उन्हाळ्याची एक खास जोड मिळते. मार्च सरता सरता खिडक्यांत कूलर बसतात. पत्र्याचे अंग, आत पाण्याची टाकी, तीन बाजूंना ओल्या ताट्या. रेडिओ संकेताला पत्रा अडवतो आणि पाणी शोषून घेते. कूलरमध्ये दोन्ही आहेत. एरवी खिडकी ही भिंतीतली मोकळी वाट असते, आणि फाटकावरचा कॅमेरा, अंगणातला दिवा किंवा बाहेरच्या खोलीतला टीव्ही याच वाटेने संकेत घेत असतात. कूलर बसला की ती वाट बुजते. हिवाळाभर नीट चाललेला फाटकावरचा कॅमेरा एप्रिलमध्ये दिवसातून अनेकदा तुटू लागतो, आणि घरचे लोक कॅमेऱ्याला किंवा फायबरवाल्याला दोष देतात. जुलैत कूलर उतरला की कॅमेरा आपोआप बरा होतो, त्यामुळे खरे कारण कधी लक्षातच येत नाही. उपाय साधा आहे: त्या बाजूचा नोड दुसऱ्या खिडकीशी हलवावा किंवा कॅमेऱ्याला तारेने जोडावे. आणखी एक नोड विकत घेणे हा त्यानंतरचा विचार.

उष्णतेचा प्रश्न याहून सरळ आहे. घरगुती नोड बहुधा ० ते ४० अंश सेल्सियस तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात. डब्याच्या तळाशी किंवा माहितीपत्रकात तसे छापलेले असते. रायपूरकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. पश्चिमेच्या भिंतीवर, माळ्यावर किंवा बंद टीव्ही कपाटात ठेवलेल्या नोडभोवतीची हवा त्याहून तापते. तापलेला नोड आधी वेग कमी करतो, मग स्वतःच बंद पडून पुन्हा चालू होतो. रोज दुपारी दोन ते पाच या वेळात तुटणारी आणि रात्री सुधारणारी जोडणी पाहिली की आधी नोडला हात लावून पाहावा, सेटिंग नंतर.

आता सुरुवातीला सांगितलेल्या पाच बिघाडांचे टप्पे क्रमाने.

जाळ्याचे नावच दिसत नाही, हा पहिला टप्पा. शेजारच्या फोनला दिसते आणि याच उपकरणाला दिसत नाही, असे असेल तर उपकरणाच्या रेडिओकडे पाहावे. स्मार्ट बल्ब, प्लग, अनेक स्वस्त कॅमेरे आणि प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतात. मेश संचात हा पट्टा बंद केलेला असेल तर त्यांच्या दृष्टीने जाळे अस्तित्वातच नसते. अमेरिकेतून पोरांनी आणलेले किंवा पाठवलेले लॅपटॉप आणि फोन २.४ च्या १२ व १३ या चॅनलांकडे बहुधा फिरकत नाहीत, कारण तिकडे ते सहसा वापरात नसतात. भारतात ते चालतात, आणि एखादा नोड आपोआप १३ वर गेला तर त्या लॅपटॉपपुरते जाळे गायब होते. वायफाय ६ चे संच आले तेव्हा काही जुन्या लॅपटॉपांना नवे जाळे दिसेना. त्यांच्या वायफाय चिपचे ड्रायव्हर जुने होते, ते अद्ययावत केल्यावर नाव दिसू लागले. परदेशातून आणलेल्या मेश संचाबाबतही सावध राहावे. तिकडचे काही संच नोडांमधल्या दुव्यासाठी ६ गिगाहर्ट्झ वापरतात. भारतात त्या पट्ट्याचा खालचा भाग घरातल्या वापरासाठी खुला करण्याचा नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. ज्या पट्ट्याच्या भरवशावर संच घेतला तो इथे चालतो की नाही हे न पाहता पैसे घालू नयेत.

नाव देवनागरीत ठेवण्याची हौस असेल तर एक मर्यादा ध्यानात ठेवावी. वायफायच्या नावाला ३२ बाइटची जागा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी, तीन बाइट खाते. ‘गृहलक्ष्मी’ हे नाव दिसायला छोटे, पण त्यात दहा चिन्हे आहेत. तीस बाइट भरले. फोनला असे नाव चालते. जुना प्रिंटर किंवा बल्बाचे ॲप मात्र ते विचित्र चिन्हांत दाखवते किंवा यादीतून वगळते. पाहुण्यांसाठीचे जाळे हौसेने देवनागरीत ठेवावे आणि उपकरणांचे साध्या रोमन अक्षरांत, हे बरे.

दुसरा टप्पा पासवर्डाचा. पासवर्ड बरोबर असूनही उपकरण आत येत नाही तेव्हा कारण बहुधा सुरक्षेच्या प्रकारात असते. डब्ल्यूपीए२ हे २००४ पासूनचे, डब्ल्यूपीए३ हे २०१८ चे. नवे संच दोन्ही एकत्र चालवण्याची सोय देतात आणि बहुतेक उपकरणे त्यात गुण्यागोविंदाने नांदतात. पण काही जुनी उपकरणे त्या मिश्र अवस्थेतच बिचकतात. ‘फास्ट रोमिंग’ या नावाने येणारी ८०२.११आर ही सोयसुद्धा काही प्रिंटरांना आणि बल्बांना मानवत नाही. म्हणून पाहुण्यांच्या किंवा उपकरणांच्या वेगळ्या नावावर फक्त डब्ल्यूपीए२, फक्त २.४ आणि फास्ट रोमिंग बंद अशी मांडणी करून पाहावी. एका उपकरणासाठी साऱ्या घराची सुरक्षा खाली आणू नये.

बल्ब किंवा प्लग पहिल्यांदा जोडताना होणारी अडचण याच टप्प्याच्या शेजारची. ॲप फोनच्या जाळ्याची माहिती बल्बाला देते. फोन त्या क्षणी ५ वर असतो आणि बल्बाला २.४ हवे असते. दोघांचे नाव एकच, तरी काही ॲप गोंधळतात. काही संचांत ५ गिगाहर्ट्झ काही मिनिटांपुरते बंद करण्याची सोय असते. नसेल तर फोन आणि बल्ब घेऊन नोडपासून दूर, अंगणाच्या टोकाला जावे. तिथे ५ चा संकेत पोहोचत नाही, फोन आपोआप २.४ वर येतो आणि बल्ब जुळतो. युक्ती गावठी वाटते, पण तिच्यामागचे भौतिकशास्त्र चोख आहे.

तिसरा टप्पा पत्त्याचा. घरातल्या प्रत्येक उपकरणाला मुख्य राउटर एक आकडी पत्ता वाटतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे वाटप न झाल्यास अँड्रॉइड फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावर अडकून शेवटी जोडणी सोडतो, आणि विंडोज लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतो. हा आकडा दिसला की पासवर्ड, रेंज, फायबर या तिन्हींवर वेळ घालवू नये. उपकरण जाळ्यात आले आहे, पत्ता वाटणाऱ्यापर्यंत त्याची हाक पोहोचत नाही किंवा त्याच्याकडे पत्ते संपले आहेत. याच्या उलट रोग म्हणजे पत्ते वाटणारे दोघे असणे. जुना राउटर फेकवत नाही म्हणून कोणी तो मागच्या खोलीत नुसत्या केबलने लावून ठेवतो. तो आपल्या परीने पत्ते वाटत राहतो आणि सोबत स्वतःलाच बाहेरचा दरवाजा म्हणून सांगतो, जो दरवाजा कुठेच उघडत नाही. परिणाम मोठा चमत्कारिक असतो: त्याच खोलीत एका फोनवर नेट चालते, दुसऱ्यावर नाही, आणि संध्याकाळी उलटे होते. कोणाची हाक कोणी आधी ऐकली यावर सगळे अवलंबून. लक्षणांत असा लहरीपणा दिसला की घरात दुसरा वाटप करणारा शोधावा.

याच ठिकाणी फोनच्या गुप्ततेची एक सोय आड येते. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक जाळ्याला आपला खरा हार्डवेअर पत्ता न देता बनावट देतात. ज्यांनी मुलांच्या फोनवर वेळेची बंधने घातली आहेत किंवा ठरावीक उपकरणांनाच प्रवेश दिला आहे, त्यांच्या यादीत तो फोन अनोळखी ठरतो. फोन बिघडलेला नसतो, राउटरही नसतो. घरच्या जाळ्यापुरती ती सोय बंद केली की प्रश्न मिटतो.

चौथा टप्पा बाहेरच्या वाटेचा. फायबर कंपनीने दिलेला डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, बहुतेकदा स्वतःच राउटर असतो. त्याच्यामागे मेशचा मुख्य नोडही राउटर म्हणून लावला की दोन थर होतात. व्हिडिओ, संदेश, बँकेचे काम या मांडणीत विनातक्रार चालते. अडतात ते काही खेळ, घराबाहेरून पाहायचे कॅमेरे, कार्यालयाची व्हीपीएन. आणि एक गोष्ट हमखास अडते: ओएनटीच्या वायफायवर असलेला प्रिंटर मेशवरच्या लॅपटॉपला सापडत नाही, कारण दोघे वेगळ्या जाळ्यांत आहेत. यावर दोनच सरळ उपाय. ओएनटीला ब्रिज करून राउटरचे काम मेशला द्यावे, किंवा मेशला ॲक्सेस पॉइंट करून राउटरचे काम ओएनटीकडे ठेवावे. आणि दोन्ही बाबतींत ओएनटीचे स्वतःचे वायफाय बंद करावे. ते चालू ठेवले, आणि त्यातही मेशचेच नाव दिले, तर फोन अशा डब्याला चिकटतो ज्याला मेशची काहीच कल्पना नसते.

पाचवा टप्पा नावाचा, आणि तो लवकर आटोपतो. सगळे ठीक दिसून फक्त संकेतस्थळे उघडत नसतील, तर फोनमधली ‘खाजगी डीएनएस’ ही सोय एकदा स्वयंचलित करून पाहावी. कोणीतरी जाहिराती अडवायला तिथे एखादा पत्ता घातलेला असतो आणि विसरलेला असतो.

पाचही टप्पे सुरळीत असून जोडणी मधूनच मरते, ही मेशची खास व्याधी. बहुतेक घरांत असा समज असतो की माणूस दिवाणखान्यातून वरच्या खोलीत गेला की मेश त्याचा फोन एका नोडवरून दुसऱ्याकडे सोपवते. प्रत्यक्षात नोड फार तर सुचवतात. कोणत्या नोडला धरायचे हे फोनच ठरवतो. ८०२.११के आणि ८०२.११व्ही ही मानके म्हणजे या सूचनांची भाषा. ॲपलने आपल्या फोनांचा नियम जाहीर केलेला आहे: हातातला संकेत उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्याशिवाय आयफोन दुसरा नोड शोधत नाही, आणि शोधल्यावरही नवा नोड ८ डेसिबलने सरस असल्याशिवाय बदल करत नाही; फोन नुसता पडून असेल तर १२ डेसिबलने. इतर कंपन्यांचे नियम वेगळे आणि बहुधा अप्रकाशित. आता नोड जवळजवळ ठेवले तर काय होते? वरच्या खोलीत खालच्या नोडचा संकेत उणे ६८ मिळतो. फोन म्हणतो, चालतेय की. वरचा नोड हाताच्या अंतरावर उणे ४० वर असतो आणि फोन त्याच्याकडे पाहतही नाही. त्यात फोनचा आवाज नोडपेक्षा क्षीण. फोनला नोड ऐकू येतो, पण फोनचे बोलणे खाली नीट पोहोचत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये समोरचा स्पष्ट दिसतो आणि त्याला मात्र इकडचे चित्र थिजलेले दिसते, ते यामुळे. पुष्कळ दुकानदार सांगतात त्याच्या उलट, अशा घरात नोड कमी केल्याने किंवा लांब नेल्याने जोडणी सुधारते. नोड कमी शक्तीवर चालवण्याची सोय असेल तर तीही उपयोगी पडते. तपासायला फोनचे वायफाय बंद करून चालू करावे: लगेच वेग वाढला तर फोन चुकीच्या नोडला चिकटला होता हे सिद्ध झाले.

नोडांमधला दुवा हा दुसरा संशयित. दोन पट्ट्यांच्या संचात एकच रेडिओ फोनशीही बोलतो आणि मुख्य नोडशीही, त्यामुळे प्रत्येक बिनतारी टप्प्याला वेग सुमारे निम्मा होतो. तिसरा नोड दुसऱ्यामार्फत जोडलेला असेल तर पाव. मेशच्या ॲपमध्ये कोणता नोड कोणाला धरून आहे हे दिसते. ते चित्र अधूनमधून पाहावे, कारण वीज जाऊन आल्यावर नोड नवा मार्ग निवडतात आणि तो जुन्यापेक्षा वाईट असू शकतो. केबल टाकता आली तर हा सारा प्रश्न मिटतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तार शंभर मीटरपर्यंत चालते आणि घरात तेवढी लागत नाही. तार टाकूनही वेग ९४-९५ एमबीपीएसच्या वर जाईना, तर तारेतली एखादी जोडी तुटलेली आहे किंवा कुठल्या तरी डब्याचे पोर्ट शंभराचे आहे. हा आकडा इतका नेमका येतो की तो पाहून दुसरी शंका घेऊ नये.

तिसरा संशयित म्हणजे चॅनल. ५ गिगाहर्ट्झचे काही चॅनल, ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग परवानामुक्त झाल्यापासून संच ते वापरू लागले. अशा चॅनलवर नोडला सुरू होण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन ऐकावे लागते आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो. स्वामी विवेकानंद विमानतळ जुन्या आणि नव्या रायपूरच्या मध्ये, मानाला आहे, म्हणून अधूनमधून सगळा दोष विमानतळाच्या रडारवर जातो. विमानांवर नजर ठेवणारी रडारे साधारणपणे वेगळ्या पट्ट्यांत चालतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये अडथळा आणतात ती मुख्यतः हवामानाची सी-बँड रडारे, आणि कधी कधी नोडच भलत्याच गोंगाटाला रडार समजतो. शंका असेल तर मुख्य नोड ३६ ते ४८ या चॅनलांवर ठेवून दोन-चार दिवस पाहावे.

लाइट जाण्याची गोष्ट वेगळी काढली पाहिजे, कारण इन्व्हर्टर असलेल्या घरातही ती नेट तोडते. इन्व्हर्टर बॅटरीवर येतो त्या क्षणी वीज काही मिलिसेकंद खंडित होते. पंख्याला ते कळत नाही, नोडच्या छोट्या अडॅप्टरला कळते आणि नोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएसचा खटका असतो, तो लावला की हा खंड कमी होतो. ओएनटी आणि मुख्य नोडला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावणे त्याहून भरवशाचे; लावण्याआधी दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर मात्र वाचून घ्यावेत. वीज परत आल्यावर सगळे डबे एकदम उठतात, आणि ओएनटीला फायबरशी जुळायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात मुख्य नोड बाहेरचा पत्ता मागून, न मिळाल्याने हिरमुसून बसलेला असतो. मग सगळे दिवे हिरवे पण नेट नाही, अशी अवस्था येते. ओएनटीचा दिवा स्थिरावल्यावर फक्त मुख्य नोड बंद करून चालू करावा. बाकीच्यांना हात लावायची गरज पडत नाही. ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा असेल तर घरातल्या मेशची तपासणी तिथेच थांबवावी, कारण फायबरचा प्रकाशच घरापर्यंत येत नाही. पावसाळ्यात विजा चमकून गेल्यानंतर एखादे केबलचे पोर्टच मेले तर त्या नोडचे वायफाय चालू राहते आणि तार मात्र निर्जीव होते. दुसऱ्या पोर्टात तार घालून हे तासाऐवजी मिनिटात कळते.

एवढे सगळे करून एकच नोड सतत गळत असेल तर त्याची जागा आणि दुसऱ्या नोडची जागा अदलाबदल करावी. बिघाड नोडबरोबर गेला तर नोड किंवा त्याचा अडॅप्टर खराब; जागेवरच राहिला तर जागा खराब. यानंतरच कारखान्यातल्या मूळ स्थितीला नेण्याचा, म्हणजे फॅक्टरी रीसेटचा विचार करावा. त्याआधी कागदावर उतरवून घ्यायच्या गोष्टी: फायबर कंपनीने दिलेले पीपीपीओई नाव आणि पासवर्ड असल्यास ते, व्हीलॅनचा आकडा असल्यास तो, मेश राउटर म्हणून चालू होता की ॲक्सेस पॉइंट म्हणून, आणि वायफायचे नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार. रीसेटनंतर या शेवटच्या तीन गोष्टी अक्षरशः तशाच भरल्या, लहान-मोठ्या अक्षरांसकट, तर घरातले बल्ब, प्लग, कॅमेरे बहुतेक स्वतःहून परत जुळतात. एक अक्षर चुकले तरी प्रत्येकाला शिडी लावून नव्याने जोडावे लागते.